१:६ मधला सॉगचा सैनिक : वाघपट्टी की काळा फवारा?

खटपट्या | १२ जुलै, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षं मी बारा इंची खेळण्यातले सैनिक (१:६, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश मापाचे) जमवतो, त्यांची मोडतोड करतो आणि चार जणांच्या सामानातून पाचवा उभा करतो. घरात याला 'बाबांच्या बाहुल्या' म्हणतात. त्यावरून भांडणं मी सोडून दिलंय. आत्तापर्यंत दुसऱ्या महायुद्धातच रमलो होतो. तिथे कुठली पलटण, कुठलं साल हे ठरलं की गणवेश आपोआप ठरतो. या वेळी हात घातलाय व्हिएतनाममध्ये, त्यातही सॉगमध्ये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पूर्ण नाव 'स्टडीज अँड ऑब्झर्वेशन्स ग्रुप'. वाटतं विद्यापीठातला एखादा विभाग असेल. जानेवारी १९६४ मध्ये स्थापना, १९७२ मध्ये गाशा गुंडाळला. अमेरिकी लष्कराच्या स्पेशल फोर्सेसचे (टोपणनाव 'ग्रीन बेरे', त्यांच्या हिरव्या टोपीवरून) दोन-तीन जण आणि सोबत स्थानिक सैनिक अशा छोट्या तुकड्या हेलिकॉप्टरने सीमेपलीकडे लाओस-कंबोडियात उतरायच्या आणि हो ची मिन्ह ट्रेलवर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या रसदवाटेवर, काय चाललंय ते बघायच्या. अधिकृतपणे तिथे अमेरिकेचं कोणी नव्हतंच. म्हणून अंगावर नाव नाही, हुद्दा नाही, गळ्यात बिल्ला नाही.

मला करायचाय तुकडीचा म्होरक्या, त्यांच्या बोलीत 'वन-झीरो'. साल १९६८, तळ मध्य व्हिएतनाममधलं कोन्तुम. डोकं, शरीर, बंदूक तयार आहे. गाडी अडलीय कपड्यांवर.

१. वाघपट्टी (टायगर स्ट्राइप या पट्ट्यापट्ट्यांच्या छद्मवेशाला आमच्या घरातलं नाव) घालू, की साधा हिरवा जंगल फटीग, म्हणजे जंगलातला गणवेश, ज्यावर ही मंडळी काळ्या रंगाचा स्प्रे मारायची?

२. स्प्रेवालाच केला तर तो १:६ मध्ये मारायचा कसा? दोनदा केला. पहिला बुरशी आलेल्या टॉवेलसारखा दिसतोय, दुसरा होळी खेळून आल्यासारखा.

३. मुलीचं म्हणणं, हिरवी टोपी हवीच. नाहीतर तो ग्रीन बेरे कसला?

फोटो टाकलेत.

तिरकस | १२ जुलै, रात्री १०:५०

फोटो दिसत नाहीत.

खटपट्या | १२ जुलै, रात्री ११:०२

आता?

तिरकस | १२ जुलै, रात्री ११:०४

दिसले. मघाशी बरं चाललं होतं.

अण्णा_फिरंगे | १३ जुलै, सकाळी ७:१५

टोपीपासून सुरू करतो, कारण मुलीला उत्तर द्यायचंय. हिरव्या बेरेला १९६१ मध्ये केनेडींनी मान्यता दिली. ती तळावर, परेडला, फोटोला. जंगलात ती घालून कोणी जात नसे : पावसात भिजून जड होते, उन्हाला आडोसा देत नाही आणि दुरून ओळख पटवते. तुमच्या माणसाला गोल काठाची बूनी हॅट द्या, नाहीतर डोक्याला हिरवं बँडेज बांधा. तिकोनी बँडेजचा तो कपडा त्यांचा सर्वात लाडका. डोक्याला, गळ्याला, बंदुकीचा पट्टा म्हणूनही.

वाघपट्टी. (शब्द आवडला, ढापतो आहे.) गोम अशी की 'टायगर स्ट्राइप' नावाचा एक कपडा कधी नव्हताच. अमेरिकी लष्कराने तो अधिकृतपणे कधी काढला नाही. फ्रेंचांच्या पट्ट्यांवरून व्हिएतनामी मरीननी स्वतःचा नमुना काढला आणि तिथून तो आशियातल्या गिरण्यांमध्ये आणि शिंप्यांकडे पसरला. पट्टे दाट, विरळ, हिरवट, सोनेरी, अनेक तऱ्हा. बाजारातल्या १:६ कपड्यांवर मात्र छपाई बहुधा जाड येते. सहा फुटी माणसाला डबलबेडची चादर गुंडाळावी तसं दिसतं. तेव्हा फवारा. जंगल फटीग तिसऱ्या नमुन्याचा : खांद्यावर पट्ट्या नाहीत, गुंड्या झाकलेल्या, खिसे तिरके. तुमच्या फोटोत खांद्यावर पट्ट्या दिसतायत. उसवा.

आता न विचारलेलं. ती बंदूक बदला.

खटपट्या | १३ जुलै, सकाळी ९:३०

बंदूक?? अण्णा, त्या बंदुकीवर तीन रविवार गेलेत.

अण्णा_फिरंगे | १३ जुलै, दुपारी १:१०

पट्टी घेऊन नळी मोजा. १९६७ मध्ये सॉगसाठी कोल्ट कंपनीच्या ५१० आखूड रायफली मागवल्या, ती एक्सएम-१७७ई२. नळी साडेअकरा इंच, म्हणजे १:६ मध्ये ४८-४९ मिलिमीटर. तिच्या आधीची ई१, नळी दहा इंच, म्हणजे ४२ मिलिमीटर. तुमची बाहेरून बघून ४२ वाटते. सहा-सात मिलिमीटरचा फरक कपाटाच्या काचेतूनही कळतो.

आणि तो लांब बाकदार मॅगझिन काढा. तीस गोळ्यांचा तेव्हा दुर्मीळ होता. वीसचा सरळ घाला. त्यातही ते अठराच भरायचे, स्प्रिंगवर ताण नको म्हणून. अठरा-वीसचा फरक तुम्हाला दाखवावा लागणार नाही, सुटलात.

पाऊणशहाणी | १३ जुलै, दुपारी २:०५

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण सहा मिलिमीटरसाठी भांडणारी माणसं बघून जीव रमला. आमच्याकडे भरतकामाच्या ग्रुपवर असंच असतं.

जय_सह्याद्री | १३ जुलै, दुपारी ३:४०

अमेरिकेचं काय कौतुक करताय? व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते महाराजांच्या गनिमी काव्यामुळे. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या समाधीवर लिहवून घेतलंय, 'शिवाजी महाराजांचा एक मावळा समाधिस्थ झाला'. शेअर करा.

तिरकस | १३ जुलै, दुपारी ३:४४

आला. मी वाटच बघत होतो. कुठले राष्ट्राध्यक्ष, कुठलं साल, कुठली समाधी? या फॉरवर्डमध्ये या तीन गोष्टी कधीच नसतात.

सायगावकर | १३ जुलै, सायंकाळी ६:२०

पाच वर्षं हो ची मिन्ह शहरात नोकरीला आहे म्हणून सांगतो. हो ची मिन्ह यांचं पार्थिव हनोईत काचेच्या पेटीत जतन करून ठेवलंय, रांग लावून बघता येतं. मी बघितलंय. मावळ्याबद्दल ओळ नाही. महाराजांचा गनिमी कावा मोठा आहेच, त्याला व्हॉट्सअ‍ॅपचा टेकू कशाला?

मूळ विषय. इथे पूर्वीच्या डिस्ट्रिक्ट वनमध्ये दान सिन्ह नावाचा बाजार आहे. हेल्मेट, बूट, पाण्याच्या बाटल्या, बिल्ले, कोरीव अक्षरांचे लायटर, सगळं 'युद्धातलं' म्हणून विकतात. त्यातलं बरंचसं मागच्या वर्षी तयार झालेलं. कोणी तिथून 'अस्सल' नमुना आणून त्यावरून मापं घेत असेल तर जपून.

निषादी | १३ जुलै, रात्री ९:१८

रंगाचा बेरंग करायचा नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. मी लाओसला जाऊन आले आहे. व्हिएन्तियानमध्ये 'कोप' नावाचं केंद्र आहे, तिथे कृत्रिम हातपाय बसवून देतात. १९६४ ते १९७३ मध्ये त्या एवढ्याशा देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, आणि न फुटलेले अजून शेतात निघतात. ज्या ट्रेलवर तुमचा वन-झीरो टेहळणी करायचा, त्या टेहळणीवरून विमानं यायची. हे सगळं कपाटात 'छान' दिसायला ठेवणं मला जमलं नसतं.

खटपट्या | १३ जुलै, रात्री १०:४०

निषादीताई, राग नाही. माझ्या कपाटात जर्मनही आहेत आणि रशियनही. मी त्यांना ओवाळत नाही. पण खरं सांगायचं तर बॉम्ब कुठून आणि कशामुळे यायचे हे मी सॉगचे खिसे शोधताना पहिल्यांदा नीट वाचलं. त्याआधी व्हिएतनाम म्हणजे हेलिकॉप्टर आणि गाणी एवढंच डोक्यात होतं.

निषादी | १३ जुलै, रात्री १०:५५

ठीक. तरीही नाही पटलं. पण वाचते आहे.

कोकम_सोलकढी | १४ जुलै, सकाळी ८:०२

रत्नागिरीहून. तळाशी जमीन करणार असाल तर विकतची पावडर घेऊ नका. मध्य व्हिएतनामच्या पठारावरची माती लालभडक, तिथल्या प्लेकू गावाची धूळ तर त्या सैनिकांच्या प्रत्येक आठवणीत सापडते. आमच्याकडचा जांभा घ्या, विळीवर घासा, दोन वेळा मलमलीतून गाळा. बुटाच्या शिवणीत, गुडघ्यावर, सॅकच्या बुडाशी कोरड्या ब्रशने. मी माझ्या १:३५ च्या जीपला लावलाय, रंग तंतोतंत. गाळल्याशिवाय लावलात तर मात्र १:६ मध्ये एकेक कण सुपारीएवढा दिसेल.

ट्रेकर_बंड्या | १४ जुलै, सकाळी १०:३३

बुटांचं काय ठरलं? मी एका फोटोत बघितलं, स्थानिक सैनिकांच्या पायात चक्क आपले हंटर शूज! हिरवं कॅनव्हास, घोट्याच्या वर, रबरी तळ. आम्ही राजमाचीला घालून जातो तसले.

अण्णा_फिरंगे | १४ जुलै, सकाळी ११:२०

बंड्या, शाब्बास. त्यांना संग्राहक 'बाटा बूट' म्हणतात. हो, तेच बाटा. अमेरिकनांचा जंगल बूट वेगळा : खाली काळं चामडं, वर हिरवं कापड, आणि आतल्या बाजूला पाणी निघून जायला दोन जाळीदार भोकं. ती भोकं टोकदार सुईने करा, आत पितळी रंगाचा ठिपका.

घड्याळवाला | १४ जुलै, दुपारी १२:४७

माझा अनुभव, इतरांनी धडा घ्यावा. सॉगवाले व्ही-४० नावाचा इवलासा हातगोळा वापरायचे, व्यास ४० मिलिमीटर. १:६ मध्ये साधारण पावणेसात. मण्यांच्या दुकानात सहा आणि आठचे मणी होते, पावणेसात नाही. स्वयंपाकघरात शोधलं. सुका वाटाणा! कॅलिपर लावला, ६.७. आठ वाटाणे निवडले, प्रायमर, हिरवा रंग, वरून बारीक तारेची कडी. फार देखणे झाले.

पावसाळ्यात एका हातगोळ्यातून किडा बाहेर आला.

तिरकस | १४ जुलै, दुपारी १२:५२

जैविक अस्त्र.

पाऊणशहाणी | १४ जुलै, दुपारी १:१५

चहा सांडला की हो. वाटाणे आधी तव्यावर कोरडे भाजायचे. आम्ही वर्षाचं कडधान्य कसं टिकवतो मग?

घड्याळवाला | १४ जुलै, दुपारी १:३०

ताई, भाजले की आक्रसतात. ६.३ वर येतात. बघितलंय करून.

रेषाविहार | १५ जुलै, रात्री ८:०९

खटपट्या, सॅक आणि पट्ट्यांबद्दल थोडं. मॅगझिन ठेवायला ठरावीक पाऊचच हवेत असं नाही. पाण्याच्या बाटलीचं कापडी कव्हर हीच त्यांची आवडती पिशवी. मॅगझिन उलटे उभे, तळाशी काहीतरी भरून वर उचललेले, म्हणजे पटकन हाताला यावेत. प्रत्येकाला चिकटपट्टीची छोटी शेपटी, ओढायला. ही शेपटी दाखवलीत तर बघणारा जाणकार तिथेच थांबेल. नळीच्या तोंडावर काळी टेप, पाणी-चिखल जाऊ नये म्हणून. हातमोजे असतील तर बोटं कापलेले. पट्टा अडकवायच्या धातूच्या कड्या काढून टाकायच्या, खुळखुळ नको. मी माझ्या सैनिकावर शेवटी जे जे वाजेल ते काढत गेलो आणि तसा तो खरा वाटू लागला.

सुटकेच्या हार्नेसबद्दल (हेलिकॉप्टरखाली लटकून बाहेर पडायला) : १९६८ ठरवलंय तर कमरेला दोरीची गुंडाळी आणि कॅराबिनर द्या. नंतर आलेला स्टॅबो हार्नेस घातलात तर साल पुढे सरकवावं लागेल.

सायगावकर | १५ जुलै, रात्री ९:४५

मीही एक न विचारलेलं सांगतो.

गेल्या वर्षी कोन्तुमला गेलो होतो. लहानसं गाव, बाजूला नदी, शंभर वर्षांचं लाकडी चर्च. आसपासच्या वाड्यांत बाहनार लोकांची सभाघरं आहेत, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी उंच छपरं, दुरून भातशेतीच्या वर उठून दिसतात. बाहनार, जराय, सेदांग, राडे : या सगळ्या डोंगरी जमातींना फ्रेंचांनी एकच नाव दिलं, मॉन्टेन्यार्ड, म्हणजे 'डोंगरवाले'. सॉगच्या कोन्तुमच्या तुकड्यांमध्ये मोठा भरणा याच लोकांचा. दोन-तीन अमेरिकन असतील तर सहा ते नऊ हे. सर्वात पुढे चालणारा बहुतेक वेळा यांच्यातला. अंगावर उत्तर व्हिएतनामी सैनिकाचा वेश, हातात एके, समोर शत्रू आला तर त्याला क्षणभर आपलाच माणूस वाटावा म्हणून. तो क्षण म्हणजेच तुकडीचा जीव.

तुम्ही चार दिवस त्या गोऱ्या माणसाच्या नळीचे मिलिमीटर मोजताय. त्याच्या पुढे चालणारा कुठंय?

खटपट्या | १५ जुलै, रात्री ११:३०

…

उद्या लिहितो.

अण्णा_फिरंगे | १६ जुलै, सकाळी ७:०५

सायगावकरांशी सहमत, आणि थोडा खजीलही. माझ्याकडे सॉगचे तीन आहेत. तिघंही गोरे.

खटपट्या | १६ जुलै, रात्री १०:१५

काल रात्री कपाटापुढे बसून राहिलो. सौ.ने विचारलं, काय झालं? म्हटलं, माणूस कमी आहे. ती म्हणाली, कपाटात जागाही कमी आहे.

ठरलं. दोघं करणार. पुढे वाटाड्या, मागे वन-झीरो. पण अडचण शरीराची. माझ्या सगळ्या बाहुल्या (घ्या, मीही म्हणालो) पावणेबारा इंची, म्हणजे पाच फूट दहा. डोंगरी माणूस पाच फूट दोनच्या आसपास धरला तर सव्वादहा इंच हवा. दीड इंच कुठून काढू?

रेषाविहार | १६ जुलै, रात्री १०:५०

नुसते पाय कापू नका, बुटका नाही, बैठा दिसेल. मांडीतून दहा-बारा मिलिमीटर, पोटरीतून तेवढेच, कमरेच्या जोडातून आणि मानेतून बाकीचे. हातही त्या मानाने. खांदे घासून आत घ्या. जोडाला आत पितळी तार आणि दोन नळ्यांचा एपॉक्सी. डोकं मात्र मोठं नको, नाहीतर लहान मूल वाटेल.

आणि मनगटात कडं. मॉन्टेन्यार्ड आपल्या माणसाला पितळी कडं देत, मैत्रीची खूण म्हणून. अमेरिकनांच्या मनगटावरही ती फोटोंमध्ये दिसतात. पितळेची एक मिलिमीटरची तार, टोकं जुळवायची नाहीत, थोडी फट ठेवायची. दोघांच्याही हातात घाला.

सायगावकर | १६ जुलै, रात्री ११:१०

कडं बघून आठवलं. हे लोक युद्ध संपल्यावर फार हाल सोसून राहिले. दोनशेच्या आसपास मंडळी १९८६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला जाऊन पोचली, जुन्या ग्रीन बेरेवाल्यांनी त्यांच्यासाठी धडपड केली. खुद्द सॉगला सन्मानपत्र मिळायला २००१ उजाडलं.

निषादी | १६ जुलै, रात्री ११:२५

आता हा मला बघायला आवडेल.

रंगारी_दादर | १८ जुलै, दुपारी ४:००

सगळं वाचलं. वाटाणे, मावळे, कडी, सगळं झालं, पण बिचाऱ्याचा दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही. फवारा मारायचा कसा?

पहिला फोटो मोठा करून बघितला. खटपट्या, ती बुरशी नाही. तुम्ही वरून मॅट व्हार्निशचा स्प्रे मारलात ना? जुलैमध्ये? डोंबिवलीत? बाहेर धो-धो पाऊस असताना? हवेतला ओलावा व्हार्निशमध्ये अडकला आणि पांढुरका झाला. कपडा बिघडलेला नाही, तो टाकू नका. कोरड्या दिवशी त्याच व्हार्निशचा एक हलका हात मारलात तर पांढरेपणा बहुतेक विरेल. तोवर कपाटात ठेवा. सप्टेंबर संपेपर्यंत मी स्वतः स्प्रेच्या डब्याला हात लावत नाही.

दुसऱ्याची, म्हणजे होळीची, चूक वेगळी. तुम्ही शुद्ध काळा घेतलात आणि एअरब्रश जवळून धरलात. खऱ्या माणसाने स्प्रेचा डबा हातभर अंतरावरून मारला, पट्टा तीन-चार इंचांचा, कडा धुरकट. १:६ मध्ये तो पट्टा दीड सेंटिमीटर, त्याहून बारीक नाही. रंग काळा नको, गडद राखाडी घ्या. छोट्या मापात काळा भोकासारखा दिसतो. कपडा सैनिकाच्या अंगातून काढा, पुठ्ठ्यावर ताणा, किंचित ओला करा, आणि भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून (कापून नव्हे, कड फाटकी हवी) जवळजवळ कोरड्या रंगात बुडवून टिपत जा. वाळला की साबणाने धुवा, घासा, पुन्हा धुवा. मग अंगावर चढवा. पट्टे आणि पाऊच चढवल्यावर थोडा फवारा त्यांच्यावरूनही जाऊ द्या. तेही रंगवायचे ते.

खटपट्या | १८ जुलै, सायंकाळी ७:२२

दादा, पाया पडतो. तो पहिला कपडा कालच पायपुसण्यात गेला होता. शोधून आणला.

तिरकस | १८ जुलै, सायंकाळी ७:२५

म्हणजे आता खरा युद्धावरून आल्यासारखा दिसेल.

खटपट्या | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर काढतो आहे. ऊन पडलं, व्हार्निश मारलं, पांढरेपणा गेला. पायपुसण्यातला कपडाच वन-झीरोच्या अंगावर आहे. गुडघ्याला जे विरलं तसं मला कधी मुद्दाम जमलं नसतं. नळी बदलली, ४९. बूनी हॅट. शेपट्यांचे मॅगझिन. जांभा कोकमकडून पोस्टाने आला, मलमलीतून तीनदा गाळला.

वाटाड्याला अडीच महिने लागले. पहिल्या वेळी मांडी जास्त कापली गेली, दुसरं शरीर घ्यावं लागलं. पायात बाटा बूट, छातीवर एकेच्या मॅगझिनची पट्टी, मनगटात कडं. वन-झीरोच्या दोन पावलं पुढे उभा आहे, मान किंचित डावीकडे. तो काय बघतोय ते मागच्याला अजून दिसलेलं नाही.

मुलीची हिरवी टोपी शिवली. ती तळाच्या फळीमागे खुंटीवर टांगली आहे, तळावरच राहिली म्हणून. तिला पटलं. आता ती म्हणते दोघांना दिवाळीच्या किल्ल्यावर उभं करू. मावळ्यांच्या शेजारी हे बकासुरासारखे दिसतील असं सांगून बघितलं.

फोटो खाली. हातगोळे बघा, चार आहेत.

निषादी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पुढचा माणूस फार छान. मागच्याकडे बघितलंच नाही.

घड्याळवाला | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३८

हातगोळे वाटाण्याचेच का? कसे टिकवलेत?

खटपट्या | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४५

आठवडाभर फ्रीझरमध्ये, मग उन्हात, मग एपॉक्सीचा पातळ हात. ६.७ कायम.

पाऊणशहाणी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:५२

पांढरा की हिरवा?

खटपट्या | १९ ऑक्टोबर, रात्री १०:५३

पांढरा. हिरवा सुरकुततो.